कळवा पास, दिवाळी नापास

तुमच्या स्टेशनचं नाव घ्या. काना, मात्रा, वेलांटी, टिंब सगळं काढून टाका आणि फक्त अक्षरं उरवा. आता क ख ग घ म्हणत बघा, ती अक्षरं वर्णमालेच्या ओळीतच येतात का? एकच अक्षर परत आलं तर चालेल, मागे फिरलं की आउट. दादर : द, द, र. पास! ठाणे : ठ, ण. पास! कुर्ला, परळ, चेंबूर, वाशी, नेरुळ, दिवा सगळे पास. डोंबिवली शेवटच्या अक्षराला घसरते, कारण ‘व’नंतर ‘ल’ येतो म्हणजे मागे फिरणं आलं. मुंबई तर दुसऱ्याच अक्षराला आउट. पुण्याचंही तेच, तेव्हा पुणेकरांनी हसायचं काम नाही. आणि घाटकोपरची गंमत बघा. ‘घाट’ पास, ‘कोपर’ पास (तेही स्टेशन आहेच), पण दोघांचं लग्न लावलं की नापास!

हा टाइमपास मला सुचलेला नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कोडं मागितलं होतं. वाचकांनी असे ‘ओळीतले शब्द’ शोधायचे, जास्तीत जास्त शब्द पाठवणाऱ्याला बक्षीस. कोडं सोपं, पण तपासणार कसं? उत्तरांची यादी हवी. आणि फ्रीलान्सरला मिळणारं मानधन बघता शब्दकोश घेऊन पहिल्या पानापासून बसणं परवडणारं नव्हतं.

अशा वेळी रूममेट कामाला येते. आम्ही दोघी कळव्याला भाड्याने राहतो. ती ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो. घरी ती हेच काम फुकट करते.

‘‘एका ओळीचा प्रोग्रॅम आहे गं,’’ ती म्हणाली आणि पायथनमध्ये लिहूनही मोकळी झाली. फंडा साधा आहे. शब्द घ्यायचा, त्याची अक्षरं सुटी करायची, कॉम्प्युटरला सांगायचं, ‘यांना क्रमाने उभं कर’. उभं केल्यावर मूळ शब्दच परत मिळाला तर तो ओळीतला, ठेवून द्या. नाही मिळाला तर सोडून द्या. संपलं.

ट्रायल म्हणून तिने आधी इंग्रजीवर चालवला. मॅकसारख्या मशीनमध्ये इंग्रजी शब्दांची एक फाइल आधीपासूनच असते, १९३४च्या वेबस्टर डिक्शनरीवरून घेतलेली, सव्वादोन लाखांहून जास्त शब्दांची. चहा गाळून होईपर्यंत उत्तर स्क्रीनवर. ऑलमोस्ट, म्हणजे ए, एल, एम, ओ, एस, टी. बायोप्सी. घोस्ट. ‘बिलोवी’ हा सात अक्षरी. सगळ्यात लांबलचक निघाला ‘एजिलॉप्स’, आठ अक्षरी, गव्हाच्या भाऊबंदांपैकी एका गवताचं नाव. आणि ऑफिसवाल्यांसाठी खास : बॉस, कॉस्ट, एफर्ट, अ‍ॅक्सेप्ट हे सगळे शब्द इंग्रजीत अगदी शिस्तीत ओळीत उभे आहेत. सॅलरी, लीव्ह आणि बोनस मात्र तिन्ही नापास! याच्यावर मी वेगळं काही बोलत नाही.

आता मराठी. मोफत मिळणाऱ्या एका स्पेलचेकरमधून मराठी शब्दांची यादी उतरवून घेतली, तोच प्रोग्रॅम तिच्यावर सोडला. शब्द आले, पण कुठले? कमळ. घर. गजर. जतन. कदम. चटणी. कचरा. खडतर. काना-मात्रा शिकवायच्या आधीचं पहिलीचं पुस्तकच जणू! ठाणे गायब, दादर गायब, गणेश गायब.

टेस्टरबाईंनी एका मिनिटात निदान केलं. कॉम्प्युटरला अक्षर दिसतच नाही, त्याला दिसतो नंबर. युनिकोड नावाच्या जगभरच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक नंबर दिलेला आहे. ‘क’ २३२५, ‘ह’ २३६१. आणि काना, वेलांटी, मात्रा ही सगळी मंडळी त्यांच्याही पुढे, काना २३६६ पासून. म्हणजे ‘ठाणे’ हा शब्द कॉम्प्युटर ‘ठ, काना, ण, मात्रा’ असा वाचतो आणि काना झाल्यावर ‘ण’ आला की त्याच्या मते मागे फिरलो. शब्दाच्या शेवटी काना आला तर चालतं, मध्ये आला की खेळ खलास.

त्यातून आणखी एक कळलं, ते मला भारी वाटलं. ‘किल्ली’ आपल्याला दोन अक्षरी वाटते, कॉम्प्युटरला सहा चिन्हांची : क, ऱ्हस्व वेलांटी, ल, पाय मोडणारं हलन्त, परत ल, दीर्घ वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी आपण ‘क’च्या आधी काढतो, पण आत ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते. कुर्ल्याचा रफार दिसतो ‘ल’च्या डोक्यावर, साठवताना ‘र’ आधी. थोडक्यात, मशीन आपण लिहितो तसं नाही, आपण बोलतो तसं लक्षात ठेवतं. (शिवाजी, कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टच्या काळात तर मशीनच्या लेखी आपण मराठी लिहीतच नव्हतो. खाली इंग्रजी की-बोर्डाचीच चिन्हं, वर मराठी मुखवटा. तेव्हा हा प्रोग्रॅम चालणंच शक्य नव्हतं.)

मग रूममेटने विचारलं, ‘‘तुझी रिक्वायरमेंट काय? अक्षर कशाला म्हणायचं?’’

वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. आम्ही ठरवलं, व्यंजनं तेवढी धरायची. काना-मात्रा-वेलांट्या गाळायच्या, अनुस्वार गाळायचा. शब्दात सुटा स्वर आला, जसा ‘आई’मध्ये किंवा ‘वसई’मध्ये, तर तो व्यंजनांच्या आधीचा समजायचा. त्यामुळे आई पास, वसई नापास. अनुस्वाराच्या बाबतीत पंडित भांडू शकतात. चेंबूरच्या टिंबाचा उच्चार ‘म्’ आहे, तो धरला तर ‘म’नंतर ‘ब’ येऊन चेंबूर गडगडेल. पण कोडं कागदावर सोडवायचं आहे, टिंबाला अक्षर म्हणून कोण मोजणार?

पुन्हा प्रोग्रॅम चालवला. आता कशी यादी भरली! दादर, ठाणे, कुर्ला आले. कॉफी आली, चहा आला, पोहे, इडली, डोसा, भेळ आले. गणेश आला, गजानन आला. गणपती मात्र आला नाही, ‘प’नंतर ‘त’ येऊन अडखळला. बाबा आले, सासू आली. लग्न आलं नाही, नवरा आणि बायको दोघंही नाहीत. पगार नाही, सुट्टी नाही. आणि हो, आमचं कळवा आलं! रूममेटने टाळी दिली.

रात्र झाली होती, मी यादी तशीच व्हॉट्सअ‍ॅपवर आईला पाठवली. आईने तीस वर्षं प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवलंय. वर्णमालेच्या बाबतीत ती माझ्यासाठी सुप्रीम कोर्ट आहे. सकाळी सात वाजता तिचा फोन.

‘‘अगं, यात शाळा कुठाय?’’

‘‘कसली शाळा?’’

‘‘शाळा हा शब्द गं! श आणि ळ. आणि वेळ नाही, जवळ नाही, होळी नाही. दिवाळी अंकाला देणार ना तू हे? दिवाळीच नाही यात. आणि हे कळवा कशाला घातलंयस? ‘ळ’नंतर ‘व’ कुठून येतो?’’

मी अंथरुणातच बोटांवर म्हणून बघितलं. य र ल व, श ष स ह, ळ, क्ष, ज्ञ. आईचं बरोबर होतं. ‘ळ’ ‘ह’च्या नंतर. महाराष्ट्रातलं कुठलंही पोर असंच म्हणतं. मग ‘द, व, ळ’ पास व्हायला हवं आणि ‘क, ळ, व’ नापास. यादीत बरोबर उलटं होतं.

रूममेटला उठवलं. तिने युनिकोडचा तक्ता उघडला. ‘ल’चा नंबर २३५४. ‘ळ’चा २३५५. २३५६वर तमिळसारख्या भाषांमधल्या उच्चारासाठीचा टिंबवाला ‘ऴ’. आणि ‘व’ २३५७. म्हणजे मशीनच्या हिशेबात ‘ळ’ हा ‘ल’चा शेजारी आहे, ‘व’च्याही अलीकडे. त्यामुळे ज्या शब्दात व, श, ष, स, ह यांच्यानंतर ‘ळ’ येतो तो शब्द गेला. वेळ, जवळ, कोवळा, आवळा, शाळा, होळी, दिवाळी गेली. मिसळ गेली! परळ, भेळ, कमळ वाचले, कारण त्यांच्यातली आधीची अक्षरं ‘ल’च्याही अलीकडची. आणि कळवा, कळस असे शब्द फुकटात आत शिरले.

नंबर असे का लावले याला कारण आहे, आणि कारण मूर्खपणाचं नाही. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आपल्याच देशात १९८८ साली तयार झालेल्या ‘इस्की’ या कोडवरून घेतलाय. ‘इस्की’ची आयडिया अशी, की देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळ या सगळ्या लिप्यांना एकच साचा. सगळीकडे ‘क’ एकाच खणात, ‘ल’ एकाच खणात. लिपी बदलायची तर नुसतं बटण दाबा, तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसेल. त्या काळासाठी सॉलिडच डोकं होतं. युनिकोडने १९९१मध्ये हा साचा उचलला. आता इतक्या भाषांची एकच ओळ लावायची तर ‘ल’जवळ ‘ळ’ ठेवणं कुणालाही सोयीचं वाटणार. हिंदीच्या रोजच्या वर्णमालेत ‘ळ’ नाहीच, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. गुजराती आणि कन्नड मुलं मात्र आपल्यासारखीच ‘ह’नंतर ‘ळ’ म्हणतात, म्हणजे या दुःखात आपण एकटे नाही.

आणि युनिकोडवाले स्वतःच सांगतात, की नंबर म्हणजे क्रम समजू नका. भाषेगणिक क्रम कसा लावायचा याची वेगळी नियमावली ते ठेवतात, तीत मराठीसाठी ‘ळ’ ‘ह’नंतर ठेवलेला आहे. प्रश्न इतकाच, की ती नियमावली मुद्दाम बोलवावी लागते. नाही बोलावली तर मशीन गुपचूप नंबर लावून मोकळं होतं आणि एररसुद्धा देत नाही. यादी दिसायला एकदम व्यवस्थित! रूममेटच्या भाषेत हा सगळ्यात वाईट बग, जो ओरडत नाही तो.

कोड्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. पण सोसायटीच्या मेंबरांची यादी घ्या. आपल्या क्रमाने आधी भोसले, मग भोळे. आधी कावळे, मग काळे. नंबरवर चालणाऱ्या यादीत भोळे भोसल्यांच्या वर चढतात. पन्नास नावांत फरक पडत नाही, डोळे फिरवले की सापडतं. हजारभर नावांच्या छापील यादीत एखादे भोळेकाका भोसल्यांच्या खाली बोट लावून शोधतील, तिथे थेट भोईटे नाहीत की भोळे नाहीत, पुढचंच आडनाव सुरू झालेलं. काका म्हणणार, माझं नाव आलंच नाही. काउंटरपलीकडचा माणूसही तिथेच बघणार आणि म्हणणार, नाही आलं. दोघंही शाळेत शिकल्याप्रमाणे बरोबर, आणि नाव मात्र मागच्या पानावर आहे. आमच्या कोड्यातही असंच झालं असतं. एखाद्या पोराने ‘दिवाळी’ लिहून पाठवलं असतं आणि दिवाळी अंकाने त्याला चूक दिलं असतं!

आता उपाय. रूममेटने मशीनचे नंबर बाजूला ठेवले आणि आपली स्वतःची यादी टाइप केली. क १, ख २ असं करत ह ३३, ळ ३४. दहा मिनिटांचं काम. ‘‘पुढे?’’ तिने विचारलं. क्ष आणि ज्ञ यांचं काय करायचं? मशीन ‘क्ष’ला क आणि ष असं फोडतं. तसं फोडलं तर रिक्षा नापास, परीक्षा नापास (परीक्षाच नापास, वा!), लक्ष नापास. आपल्या वर्णमालेप्रमाणे शेवटचं वेगळं अक्षर धरलं तर तिघं पास. आईला फोन लावला. ‘‘तक्त्यावर शेवटी काय असायचं?’’ तिने उलट मलाच विचारलं. क्षत्रियाचा क्ष आणि ज्ञानेश्वरांचा ज्ञ! राज्य सरकारने २००९ साली जाहीर केलेल्या वर्णमालेतही हे दोघं विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून शेवटीच आहेत. तेव्हा क्ष ३५, ज्ञ ३६. त्यासरशी आणखी एक पाहुणा ओळीत येऊन उभा राहिला : गणितज्ञ.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मला नव्यानेच जाणवली. इंग्रजीत ‘ऑलमोस्ट’ ओळीत आहे हा निव्वळ योगायोग. ए नंतर बी का, बी नंतर सी का, याला उच्चारात काहीच कारण नाही. फिनिशियन लोकांकडून ग्रीकांकडे, तिथून रोमनांकडे तो क्रम चालत आला, एवढंच. आपला क्रम तोंडातून निघालाय. क-वर्ग घशात, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वर वळवून, त-वर्ग दातांवर, प-वर्ग ओठांवर. त्यामुळे या वर्गांमधला ओळीतला शब्द म्हणजे घशाकडून ओठांकडे सरळ निघालेला शब्द. ऑफिसात बसल्या बसल्या हळूच म्हणून बघा : कदम. घसा, दात, ओठ. गजब : घसा, टाळू, ओठ. आता गणपती म्हणा. ओठांपर्यंत गेलेला शब्द ‘ती’साठी परत दातांवर येतो, आणि प्रोग्रॅमने बरोबर तिथेच त्याला पकडलंय. य, र, ल, व पासून पुढे हा हिशेब बदलतो. तिथे घसा ते ओठ असा सरळ प्रवास नाही, ‘ह’ तर थेट घशातच परततो. पण पहिल्या पंचवीस अक्षरांत हा क्रम म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. आई हे पोरांना तोंडात बोट घालून शिकवायची म्हणे. माझ्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही नुसतं पाठ केलं.

नवी यादी आली. शाळा, वेळ, होळी, मिसळ, दिवाळी सगळ्या जागच्या जागी. कळवा गेलं. रूममेटचं तोंड एवढंसं झालं. ‘‘आपण दिव्याला शिफ्ट होऊ या का?’’ म्हणाली. दिव्याची संध्याकाळची गर्दी आठवून दोघींनी विषय बंद केला.

शेवटचा प्रश्न संपादकांचा होता : सगळ्यात लांब शब्द कोणता? तीन अक्षरी शब्द पोत्याने मिळतात, चार अक्षरी खडतर, कणभर वगैरे आहेत. आमच्या यादीत सगळ्यात पुढे निघालं कडधान्य. क, ड, ध, न, य, पाच व्यंजनं, एकदाही मागे न फिरता. इंग्रजीत गव्हाचा भाऊबंद आणि आपल्याकडे कडधान्य, म्हणजे दोन्हीकडे शेतच जिंकलं. मी आईला कौतुकाने कळवलं. तिकडून लगेच उत्तर : ‘‘त्याला ‘सह’ लाव की.’’

कडधान्यांसह. क, ड, ध, न, य, स, ह. सात!

रूममेट म्हणाली, हे चीटिंग आहे, हे दोन शब्द झाले. आईचं म्हणणं, ‘सह’ हे शब्दयोगी अव्यय आहे, मराठीत ते जोडूनच लिहितात, म्हणजे शब्द एकच. दोघींनी माझ्या फोनवर स्पीकर लावून वीस मिनिटं वाद घातला. शेवटी कोड्याच्या नियमांत चौथा नियम वाढवून मी मजकूर संपादकांना मेल केला : शब्दयोगी अव्ययं चालतील. सातच्या पुढे कुणाला जाता आलं तर मला जरूर कळवा. हे कळवा क्रियापद आहे, तेही नापासच.